पहिलं गिऱ्हाईक तुम्ही व्हा: विकसनशील देशांच्या सॉफ्टवेअर धोरणकर्त्यांना खुलं पत्र

माहिती-तंत्रज्ञान खात्याचे मंत्री, सचिव, नियोजन मंडळांचे सदस्य आणि सरकारी खरेदीच्या फायलींवर सही करणारे सर्व अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

आपल्यापैकी कोणी आफ्रिकेतल्या देशाचा कारभार पाहत असेल, कोणी लॅटिन अमेरिकेतल्या, कोणी आशियातल्या. तरी आपल्या टेबलावरचं सॉफ्टवेअर धोरण बहुधा एकाच वळणाचं असतं. राजधानीजवळ एक टेक्नॉलॉजी पार्क, दहा वर्षांची करमाफी, अमुक अब्ज डॉलरच्या निर्यातीचं उद्दिष्ट, तमुक लाख तरुणांना कोडिंगचं प्रशिक्षण आणि शेवटी स्टार्टअपसाठी एक निधी. मी या धंद्यात उमेदीची वर्षं घालवली आहेत. परदेशी क्लायंटसाठी कोड लिहिला आहे आणि सरकारी खात्यांना सॉफ्टवेअर विकण्याचा खटाटोपही केला आहे. असं धोरण हाती आलं की मी त्यात एकच गोष्ट शोधतो: या देशात तयार झालेलं सॉफ्टवेअर या देशात विकत कोण घेणार? निर्यातीवर पानंच्या पानं असतात. घरच्या खरेदीवर असला तर एखादा परिच्छेद असतो.

म्हणून हे पत्र. माझं मागणं सरळ आहे. सॉफ्टवेअर उद्योग वाढवायचा असेल तर सरकारी खाती, सरकारी बँका, रुग्णालयं, वीज मंडळं आणि बंदरं यांनी आधी चांगलं गिऱ्हाईक व्हावं. पार्क आणि करमाफी त्यानंतर.

धोरण लिहिताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर भारत असतो, आणि ते साहजिक आहे. 2023-24 मध्ये भारताच्या आयटी उद्योगाची उलाढाल सुमारे 250 अब्ज डॉलर होती, त्यात जवळजवळ चार पंचमांश वाटा निर्यातीचा, आणि पन्नास लाखांहून जास्त माणसं त्यात कामाला. 1991 मध्ये सुरू झालेल्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजनेने कंपन्यांना उपग्रहाची जोडणी आणि सवलती दिल्या, हे खरंच. पण त्या योजनेची नक्कल करणारे तिच्याआधीची दोन दशकं वाचतच नाहीत. टाटांची टीसीएस ही सॉफ्टवेअर कंपनी 1968 साली निघाली. 1974 मध्ये तिने बरोज या अमेरिकी कंपनीबरोबर परदेशी कामं घ्यायला सुरुवात केली. 1978 मध्ये आयबीएमने भारत सोडला, तेव्हा तिची यंत्रं सांभाळायचं काम सीएमसी या सरकारी कंपनीकडे आलं, आणि एकाच बनावटीच्या यंत्राला चिकटून न राहण्याची सवय तिथल्या अभियंत्यांना लागली. संगणकांवरची जबर आयात जकात 1984 च्या धोरणाने खाली आणली. 1985 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकी कंपनी बंगळूरला आली. पुढे शतक बदलताना वायटूकेचं, म्हणजे जुन्या प्रोग्रामना 2000 साल नीट ओळखता यावं म्हणून ते दुरुस्त करण्याचं काम आलं आणि एकदम हजारो प्रोग्रामर लागले. या सगळ्याच्या जोडीला इंग्रजी होती, अमेरिकेत स्थिरावलेले भारतीय अभियंते होते, आणि क्लायंटची रात्र तो आपला दिवस अशी घड्याळाची सोय होती. यातलं काहीही पार्क बांधून मिळत नाही.

केनियाने नैरोबीबाहेर कोन्झा या तंत्रज्ञाननगरीची पायाभरणी जानेवारी 2013 मध्ये केली. दहा वर्षं उलटली तरी ती नगरी मूळ आराखड्याच्या खूप मागे होती. त्याच केनियात मार्च 2007 मध्ये सुरू झालेली एम-पेसा ही मोबाईलवरून पैसे पाठवायची सेवा कुठल्याही पार्कविना घराघरांत पोचली, कारण शहरात राबणाऱ्या माणसाला गावी पैसे पाठवायची रोजची गरज होती. एम-पेसाचं पहिलं सॉफ्टवेअर ब्रिटनमध्ये लिहिलेलं होतं. पण त्याच्या आधाराने कर्ज, विमा, दुकानांची बिलं, सौरदिव्यांचे हप्ते अशी कितीतरी कामं करणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. गरज घरची असली की उद्योग तिच्याभोवती जमतो.

भारताची दुसरी बाजूही याच अंगाने पाहायला हवी, कारण तिची चर्चा फारशी होत नाही. रेल्वेच्या आरक्षणाचं पहिलं मोठं सॉफ्टवेअर 1980 च्या दशकात सीएमसीने रेल्वेसाठी लिहिलं. 1994 मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने संगणकाच्या पडद्यावरचे व्यवहार सुरू केले. 1996 मध्ये शेअरचे कागद जाऊन डिपॉझिटरी, म्हणजे शेअर संगणकातल्या खात्यांवर सांभाळणारी संस्था आली, तिची प्रणाली टीसीएसने उभारली, आणि पुढे शेअर बाजारांची, डिपॉझिटरींची प्रणाली हा तिचा परदेशात विकला जाणारा माल झाला. ही सगळी घरची कामं होती. निर्यातीच्या आकड्यांत ती दिसत नाहीत, पण तासावर माणसं पुरवणाऱ्या उद्योगाला स्वतःचं असं काही बनवता आलं ते बऱ्याच अंशी अशा कामांमुळे.

तासावर काम करून देण्याच्या धंद्याबद्दल माझ्या मनात अढी नाही. त्याने लाखो घरं उभी केली, परकीय चलन आणलं, आणि वेळेत काम देणं, चाचण्या घेणं, लिहून ठेवणं ही शिस्त लावली. ज्या देशाकडे आज काहीच नाही त्याने तिथून सुरुवात केली तर चांगलंच. अडचण पुढे येते. परदेशी बँकेच्या सॉफ्टवेअरवर पाच वर्षं काम करणाऱ्या तरुणाला सकाळी एक तिकीट, म्हणजे कामाची चिठ्ठी मिळते: अमुक रकान्याची लांबी वाढवा, तमुक अहवालात एक ओळ घाला. तो ते नेटकं करतो. ती ओळ का हवी, तिच्यावर कोण कसला निर्णय घेतो, हे त्याला कोणी सांगत नाही आणि विचारायची सोयही नसते. प्रश्नाचं ज्ञान क्लायंटकडे राहतं, फक्त उत्तराची मजुरी आपल्याकडे येते. अशा धंद्यात मिळकत वाढवायची तर माणसंच वाढवावी लागतात, आणि आपल्यापेक्षा कमी दरात माणसं देणारा देश आज ना उद्या पुढे येतोच.

आता त्यात भर पडली आहे. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतर कोड लिहून देणारी साधनं झपाट्याने सुधारत गेली. ज्या सोप्या कामांवर नवख्या प्रोग्रामरची पहिली दोन वर्षं निघायची, नेमकी तीच कामं ही साधनं आधी उचलतात. जे देश आत्ता या धंद्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवत आहेत त्यांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. भारताला मिळालेली तीस वर्षं त्यांना मिळणार नाहीत. ज्याला स्वतःच्या देशातलं रुग्णालय, शेतसारा, बंदर, पीकविमा आतून माहीत आहे, त्याचं मोल मात्र कमी होत नाही, उलट वाढतं. आणि ते आतून माहीत व्हायला त्या रुग्णालयाने, त्या बंदराने काम द्यावं लागतं.

ब्राझीलची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. ती दोन्ही बाजूंनी शिकवते.

ब्राझीलने 1984 मध्ये कायदा करून छोट्या संगणकांची बाजारपेठ देशी कंपन्यांसाठी राखून ठेवली. बाहेरून यंत्रं आणायला बंदी, परदेशी कंपन्यांना मज्जाव. हेतू स्वावलंबनाचा होता. प्रत्यक्षात परदेशी यंत्रांच्या नकला बाहेरच्यापेक्षा बऱ्याच जास्त किमतीला विकल्या जाऊ लागल्या, चोरटी आयात वाढली, अमेरिकेशी व्यापारी तंटा झाला, आणि कारखानदार, डॉक्टर, संशोधक अशा साऱ्या वापरणाऱ्यांना जुन्या यंत्रांवर भागवावं लागलं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ती भिंत पाडली गेली, आणि नकला करणाऱ्या बहुतेक कंपन्या तिच्याबरोबर गेल्या.

पण त्याच काळात, त्याच देशात, बँकांच्या सॉफ्टवेअरची गोष्ट अगदी वेगळी घडत होती. ब्राझीलमध्ये महागाई इतकी होती की 1993 साली वर्षाचा दर 2,000 टक्क्यांच्या वर गेला. चेक वटायला दोन दिवस लागले तर त्या दोन दिवसांत रकमेचं मोल घटायचं. एवढ्या अफाट देशात, हजारो शाखांमधून, आजचा व्यवहार आजच खात्यात पोचवणं ही बँकेच्या जिवाची गोष्ट झाली. इटाउ बँकेने तर 1979 मध्ये इटाउटेक नावाची स्वतःची कंपनीच काढली. बँकांनी अभियंत्यांना पैसा दिला, मुदती दिल्या, चूक झाली की त्याच संध्याकाळी जाब विचारला. यातून बँकिंगच्या संगणकीकरणात ब्राझील जगातल्या पुढच्या देशांत गणला जाऊ लागला. भिंत पडल्यावरही हे कसब तिथेच राहिलं. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने पिक्स ही तात्काळ पैसे पाठवायची व्यवस्था सुरू केली आणि काही वर्षांतच ती सगळ्या देशाच्या रोजच्या व्यवहारात मुरली, त्यामागे हा जुना अनुभव आहे असं मला वाटतं. बँकांच्या यंत्रपुरवठादारांना राखीव बाजारपेठेचा थोडाफार फायदा झालाच असेल. तरीही एकाच भिंतीच्या आत एक उद्योग खुरटला आणि दुसरा वाढला. फरक पडला तो समोरच्या गिऱ्हाइकामुळे. एकीकडे ग्राहकाला दुसरा पर्यायच नव्हता, दुसरीकडे ग्राहक हटून बसलेला होता आणि वेळच्या वेळी पैसे मोजत होता.

श्रीलंकेकडे पाहा. मिलेनियम आयटी ही कंपनी तिथे 1996 मध्ये निघाली. तिचं शेअर बाजाराचं सॉफ्टवेअर आधी घरच्या कोलंबो शेअर बाजारात चाललं. तो बाजार लहान होता, पण खरा होता: खरे दलाल, खरा पैसा, खरी तक्रार. इकडे लंडन शेअर बाजाराची व्यवहारप्रणाली 2008 च्या सप्टेंबरमध्ये एका दिवशी जवळजवळ सात तास बंद पडली. 2009 मध्ये लंडन शेअर बाजाराने ही श्रीलंकेची कंपनी सुमारे 3 कोटी डॉलरना विकत घेतली आणि 2011 मध्ये आपले व्यवहार तिच्या सॉफ्टवेअरवर नेले. ती विकली गेली याची मला हळहळ आहे. एवढ्या मोलाची गोष्ट एवढ्याशा किमतीत गेली, कारण तिला वाढवायला लागणारं भांडवल घरी उभं राहू शकलं नाही. पण कोलंबोच्या बाजाराने पहिलं काम दिलंच नसतं तर विकायलाही काही उरलं नसतं.

गिऱ्हाईक सरकारच असायला हवं असंही नाही. बंगळूरच्या गोयंका पितापुत्रांना स्वतःच्या धंद्याचे हिशेब ठेवायला जमेल असं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलाने ते लिहायला घेतलं. 1986 साली सुरू झालेल्या त्या कंपनीचं टॅली पुढे भारतातल्या छोट्या व्यापाऱ्याच्या हिशेबनिसाचं रोजचं हत्यार झालं. ब्राझीलमध्ये टोटव्स, चीनमध्ये योंगयू अशाच वाटेने मोठ्या झाल्या. प्रत्येक देशाचा करकायदा वेगळा आणि किचकट असतो, तो वरचेवर बदलतो, आणि बाहेरच्या कंपनीला त्यामागे धावणं परवडत नाही. हे संरक्षण कुठलीही जकात न लावता आपोआप मिळतं. करखात्याने बदलाचे नियम आणि विवरणपत्रांचे नमुने दोन-तीन महिने आधी स्पष्टपणे प्रसिद्ध केले, तर अशा कंपन्यांना अनुदान देण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

आपले सल्लागार म्हणतील की सरकारने बाजारात पडू नये, श्रीमंत देशांनी सगळं बाजारावर सोडलं. ते खरं नाही. 1950 च्या दशकात अमेरिकी हवाई दलाने सेज ही हवाई संरक्षणाची संगणकप्रणाली बनवून घेतली. त्या कामाने आयबीएमला मोठमोठी यंत्रं एकमेकांशी जोडून क्षणोक्षणी चालवायला शिकवलं, आणि प्रोग्रामरची एक आख्खी पिढी त्यात घडली. लगेच पुढे अमेरिकन एअरलाइन्ससाठी बनलेली सेबर ही विमान-आरक्षणाची प्रणाली त्याच अनुभवावर उभी राहिली. 1982 च्या अमेरिकी कायद्याने संशोधनावर मोठा खर्च करणाऱ्या सरकारी खात्यांना त्यातला ठरावीक टक्का लहान कंपन्यांना देण्याचं बंधन घातलं. पहिलं, जोखमीचं गिऱ्हाईक सरकार झालं. उपदेश मात्र आपल्याला वेगळा मिळतो.

आता निविदेकडे येतो. माझ्या मते आपल्या देशांतला सॉफ्टवेअर उद्योग जर कुठे अडत असेल तर इथे.

जिल्हा रुग्णालयांसाठी रुग्णनोंदणी आणि औषधसाठ्याचं सॉफ्टवेअर हवं आहे, अशी निविदा समोर ठेवा. मागची तीन वर्षं दर वर्षी अमुक कोटींची उलाढाल हवी. अशाच स्वरूपाची तीन कामं पूर्ण केल्याचे दाखले हवेत. अनामत रक्कम, वर बँक हमी. सोर्स कोडसह, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ मजकुरासह सगळे हक्क खात्याकडे. आणि अटींत बसणाऱ्यांपैकी सर्वांत कमी दर त्याला काम. ज्या पाचसहा जणांच्या कंपनीने एखाद्या रुग्णालयात दोन वर्षं बसून औषधसाठ्याचं उत्तम सॉफ्टवेअर बनवलं आहे, ती पहिल्याच अटीला गळते. काम एखाद्या बड्या कंपनीला जातं. तिच्याकडे दाखले असतात, रुग्णालयाची जाण नसते. मग ती त्याच छोट्या कंपनीला बोलावते आणि उपकंत्राट देते. दराचा मोठा वाटा मध्येच थांबतो. काम छोटी कंपनी करते, पूर्णत्वाचा दाखला मात्र बड्या कंपनीच्या नावाने निघतो. दोन वर्षांनी शेजारच्या प्रांताची तशीच निविदा येते, आणि जिने हे काम प्रत्यक्ष केलं ती कंपनी पूर्वानुभव नाही म्हणून पुन्हा बाद. हे चक्र मी जवळून पाहिलं आहे. त्यात हुशार मुलं कंटाळून परदेशाची वाट धरतात, आणि आपण मग बुद्धिमत्ता देशाबाहेर जाते म्हणून परिषदा भरवतो.

सगळे हक्क खात्याकडे, ही अट सावधगिरीची वाटते, पण तिने उद्योगाचं मूळच खुडलं जातं. जे सॉफ्टवेअर आपलं नाही ते कंपनी दुसऱ्या प्रांताला, दुसऱ्या देशाला विकणार कसं? खात्याला खरी गरज असते ती वापराच्या कायम परवान्याची, आणि कंपनी बुडाली तर दुसऱ्याकडून काम करून घेता येण्याची. त्यासाठी सोर्स कोड त्रयस्थाकडे ठेव म्हणून ठेवता येतो. किंवा सार्वजनिक पैशाने बनलेली गोष्ट मुक्त स्रोत परवान्याखाली, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येईल अशी, सगळ्यांनाच खुली करावी. आरोग्य, शिक्षण, जमिनीच्या नोंदी यांसाठी मला तर तेच बरं वाटतं. 1994 मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट संपल्यावर तुकड्यातुकड्यांनी चालणाऱ्या आरोग्यसेवा एकत्र आणायच्या होत्या. तिथल्या दवाखान्यांच्या गरजेतून, नॉर्वेच्या ओस्लो विद्यापीठाच्या साथीने, आरोग्याच्या आकडेवारीचं एक सॉफ्टवेअर आकाराला आलं. डीएचआयएस-2 या नावाने आज ते सत्तरहून अधिक देशांत चालतं, आणि त्या त्या देशातल्या लहान कंपन्या ते बसवून देण्यावर, बदलून देण्यावर, सांभाळण्यावर पोट भरतात.

बिलाबद्दल थोडं. सॉफ्टवेअर कंपनीचा खर्च म्हणजे पगार, आणि पगार दर महिन्याला द्यावा लागतो. तिच्याकडे गोदामात माल नसतो, यंत्रं नसतात, जमीन नसते. बँक तारण मागते तेव्हा तिच्यापाशी दाखवायला फक्त गिऱ्हाइकांकडून येणं बाकी असलेली बिलं असतात. खात्याने आठ महिने बिल अडवलं की कंपनी बंद पडते, मग तिचं सॉफ्टवेअर कितीही उत्तम असो. भारतात 2006 च्या कायद्याने लहान उद्योगांचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करायचं आणि उशीर झाला तर व्याज द्यायचं बंधन आहे. कायदा चांगला आहे, पण व्याज मिळवायला कंपनीनेच दाद मागावी लागते, आणि ज्या खात्याकडून पुढचं काम हवं त्याच्याविरुद्ध कोण दाद मागणार? व्याज तक्रारीविना, आपोआप, बिलासोबत जमा झालं पाहिजे. एवढी एक गोष्ट केलीत तर स्टार्टअप निधीची निम्मी गरज उरणार नाही.

काम दिलं, पैसेही दिले, तरी गिऱ्हाईक म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. एका सरकारी दवाखान्याच्या खिडकीशी मी बराच वेळ उभा राहिलो होतो. परिचारिका रुग्णाचं नाव आधी वहीत लिहीत होती. संगणक शेजारीच चालू होता. पडद्यावर भरायचे रकाने इतके होते की एका रुग्णाला पाच मिनिटं लागली असती, आणि बाहेर रांग होती. संध्याकाळी एक मुलगा येऊन वहीतली नावं संगणकात चढवायचा, अर्धे रकाने कसेबसे भरून. सॉफ्टवेअर लिहिणारा त्या खिडकीशी कधी बसलाच नव्हता, कारण तिथे बसण्याचे पैसे निविदेत धरलेले नव्हते. प्रणाली सुरू झाली, फीत कापली, शेवटचं बिल निघालं आणि करार संपला. दुसरी आवृत्ती निघालीच नाही. सॉफ्टवेअर दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीत वापरण्याजोगं होतं. म्हणून पहिल्या उभारणीइतकाच पैसा पुढच्या चार वर्षांच्या सुधारणांसाठी करारातच बाजूला काढून ठेवायला हवा.

यासाठी खात्यात स्वतःचे अभियंते लागतात. दोनचार असले तरी चालतील, पण ते असे हवेत की कोड वाचतील, चाचणी पाहतील, आणि कंपनीला म्हणतील, हे चालणार नाही, परत करा. पिक्स ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेतल्या लोकांनी आखली. भारतातली यूपीआय राष्ट्रीय देयक महामंडळाने 2016 मध्ये आणली. दोन्हीकडे रस्ता नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेने बांधला आणि त्यावर गाड्या हाकायला खासगी कंपन्यांना मोकळीक दिली. ज्या खात्यात एकही जाणता अभियंता नाही, तिथे सल्लागार कंपनी निविदा लिहिते आणि दुसरी सल्लागार कंपनी काम तपासते. या अभियंत्यांना बाजारभावाच्या जवळपास पगार द्यावा लागेल. वेतनश्रेणीत ते बसत नाही, हे मला माहीत आहे. ती श्रेणी बदलणं आपल्याच हातात आहे.

घरच्यांकडून घ्या म्हटलं की वशिलेबाजी होईल, ही भीती रास्त आहे. निविदेच्या कडक अटी त्यासाठीच आल्या. पण अटी कडक असूनही वशिला थांबला नाही, फक्त त्याची पातळी वर सरकली. कामाचे लहान तुकडे करावेत, दोनतीन कंपन्यांना पैसे देऊन चालतं असं नमुना-काम करून घ्यावं, ते खऱ्या खिडकीवर महिनाभर वापरावं आणि मग निवड करावी. चालत्या सॉफ्टवेअरमध्ये खोटं लपवणं कागदी दाखल्यांपेक्षा कठीण असतं. आणि बाहेरच्याला बंदी नको. ब्राझीलच्या भिंतीचं काय झालं ते वर आलंच आहे. देशी कंपनीला दारात उभं राहू द्या, एवढंच मागणं आहे. आत ती गुणावरच गेली पाहिजे.

देश लहान असेल तर घरच्या गिऱ्हाइकाने पोट भरणार नाही, हेही खरं. उरुग्वेची लोकसंख्या जेमतेम 35 लाख, तरी 1980 च्या दशकाच्या अखेरीस तिथे सुरू झालेलं जेनेक्सस हे प्रोग्राम तयार करून देणारं साधन जपानपर्यंत विकलं गेलं. लहान देशांनी शेजाऱ्यांशी करार करून एकमेकांचे पूर्वानुभवाचे दाखले मान्य करावेत. एका देशाच्या आरोग्य खात्याने प्रमाणित केलेलं सॉफ्टवेअर शेजारच्या चार देशांत पुन्हा परीक्षा न देता विकता आलं, तर पाच लहान बाजारांचा एक मध्यम बाजार होतो. देणगीदार संस्थांच्या पैशाने आलेलं सॉफ्टवेअर नाकारू नका, पण अनुदान संपल्यावर ते कोण सांभाळणार, त्या कंपनीचं नाव आणि तिच्या मानधनाची तरतूद पहिल्या दिवशी मागा.

शिक्षणाबद्दल बोलण्यासारखं खूप आहे, मी एकच सांगतो: लाखोंना तीन महिन्यांचं कोडिंग शिकवण्याआधी शिकवणाऱ्यांचे पगार पाहा. चांगला विद्यार्थी पदवी मिळताच कंपनीत आपल्या प्राध्यापकापेक्षा जास्त कमावतो, तेव्हा त्या विभागात शिकवायला कोण उरणार?

शेवटी, जी गोष्ट नवा कायदा न करता, नवा निधी न काढता याच वर्षी करता येईल ती मागतो. पुढच्या आर्थिक वर्षात आपलं खातं कोणकोणतं सॉफ्टवेअर घेणार आहे, त्याची यादी वर्ष सुरू व्हायच्या सहा महिने आधी जाहीर करा, म्हणजे छोट्या कंपन्यांना तयारीला वेळ मिळेल. प्रत्येक कामापुढे ते ज्या कार्यालयात वापरलं जाणार त्याचं नाव असू द्या, आणि इच्छुक कंपन्यांना तिथे जाऊन आठवडाभर बसायची परवानगी असू द्या. उपकंत्राटात काम केलेल्या कंपनीलाही तिच्या वाट्याच्या कामाचा दाखला खात्याने स्वतःच्या शिक्क्याने द्यावा. आणि वर्ष संपल्यावर त्याच यादीत प्रत्येक बिल कोणत्या तारखेला आलं आणि कोणत्या तारखेला चुकतं केलं, हे दोन रकाने भरून ती यादी पुन्हा प्रसिद्ध करा.

आपला नम्र,
सॉफ्टवेअर क्षेत्रातला एक व्यावसायिक